चार्ज देताना

परवा शुक्रवारी मी इथून निघणार. ठरलेले पाच महिने संपले. कराडहून निघाले तेव्हा दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक होता, आता इथे मोह गळायला लागलाय. मधे बरेच दिवस काही लिहिलं नाही म्हणून काहींनी काळजीने विचारणा केली. मंडळी, मी ठणठणीत आहे. रेंज नव्हती, एवढंच!

रेंजचं सांगायचं तर शाळेमागे एक टेकाड आहे. त्यावर चढून पूर्वेकडे तोंड केलं की मोबाईलवर दोन काड्या दिसतात. घरच्यांशी बोलायचं ते तिथूनच. सध्या फोन वाढलेत. धाकटी बहीण रोज विचारते, "ताई, सामान बांधलंस का गं?" मुलगा विचारतो, "आई, तिकीट कन्फर्म आहे ना?" आणि एका भाच्याला पाच महिने एकच प्रश्न पडलाय, "मावशी, नक्षलवादी दिसले का?" त्याला सांगितलं, "नाही रे बाबा, डास मात्र भरपूर दिसले."

सामान बांधायला अर्धा तास पुरेल. मला वेळ लागतोय तो दुसऱ्याच कामाला. ते काम म्हणजे चार्ज देणं.

नव्या पिढीला हा शब्द मोबाईलमुळेच माहीत असणार. आमच्या वेळी शाळेत चार्ज देणं म्हणजे मोठा सोहळा असे. मी तेहतीस वर्षं सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळांमधून मराठी शिकवलं. माणूस बदलून गेला किंवा निवृत्त झाला, की त्याच्या ताब्यातल्या सगळ्या वस्तू पुढच्याच्या ताब्यात द्यायच्या. डेड स्टॉक रजिस्टर उघडायचं आणि नगास नग मोजायचा. लोखंडी कपाट एक. पृथ्वीगोल एक (आस मोडका). महाराष्ट्राचा नकाशा एक (कोकणाकडून फाटका). शेवटी दोघांनी सह्या करायच्या, एकाने "चार्ज दिला", दुसऱ्याने "चार्ज घेतला". त्यानंतरच जाणाऱ्याची सुटका. सत्कार, नारळ, शाल हे सगळं त्याच्या नंतर.

स्वयंसेवकाचं तसं नसतं. तो येतो तेव्हा त्याला कुणी चार्ज देत नाही आणि जातो तेव्हा कुणी मागत नाही. त्याच्या निरोपाला गाणी होतात, फोटो होतात, डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरते तेव्हा त्याने सुरू केलेलं काम कुणाकडे आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. मला हे पहिल्याच महिन्यात दिसलं. कपाटात एक गणिताची पेटी होती, मणी, काड्या, रंगीत तुकडे, फार सुंदर. कुणा उत्साही मुलाने दोन-तीन वर्षांपूर्वी बनवलेली. ती कशी वापरायची हे तो गेल्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. मुलं मणी गोट्यांसारखे खेळायला घेत. तेव्हापासून माझ्या डोक्यात हा चार्जचा विचार घोळतोय.

मी आहे कुठे, हे नवीन वाचकांसाठी सांगते. गडचिरोली जिल्हा, भामरागड तालुका. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगलाखाली आहे. इंद्रावती ओलांडली की पलीकडे छत्तीसगड. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम अशा तीन नद्यांचा संगम आहे. आम्ही कराडचे लोक आमच्या दोन नद्यांच्या प्रीतिसंगमाचं कौतुक करतो, इथे एक नदी जास्तच आहे! गावाचं, शाळेचं आणि मुलांचं नाव मात्र लिहिणार नाही. मुलांची नावं आणि फोटो असे चव्हाट्यावर टाकायचे नाहीत, असं आमचं इथे ठरलंय आणि ते योग्यच आहे. लहानशी निवासी शाळा आहे, चौथीपर्यंतची, मुलं बासष्ट.

आता मी इथे आलेच कशी? कॉलेजात होते तेव्हा, १९७१-७२च्या सुमारास, सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीचं नाव आमच्यापर्यंत पोचलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ बाबा आमट्यांनी मे महिन्यात तरुण मुलामुलींना बोलावून कुदळ-फावडं हातात द्यायचं, असं ते शिबिर. मला जायचं होतं. वडील म्हणाले, "आधी बी.ए. हो." बी.ए. झाले, मग बी.एड., नोकरी, लग्न, मुलगा, सासूबाईंचं आजारपण... सगळं यथासांग झालं. २०१० साली निवृत्त झाले तेव्हा आमच्या ह्यांची तब्येत बरी नव्हती. ते गेल्यानंतर दोन वर्षांनी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मी एकदाची या मुलुखात आले. पन्नास वर्षं उशीर झाला म्हणायचं, पण एसटीचं तिकीट अर्धं पडलं. ज्येष्ठ नागरिक म्हणून धरा नाहीतर महिला म्हणून, कोणत्याही बाजूने अर्धंच!

हा मुलूख बाहेरून आलेल्या माणसांचा आहे, असं आपल्याकडे पुण्या-साताऱ्याकडे वाटतं. कारण आपल्याला तीच नावं ठाऊक असतात. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं करणारे बाबा आणि साधनाताई. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तिथे आयुष्य काढणारे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे. पुण्याचा व्यवसाय सोडून हेमलकशात येऊन राहिलेले आणि 'नेगल' लिहिणारे विलास मनोहर. १९८६ साली गडचिरोलीत आलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. ही सगळी माणसं आली आणि राहिली. परत जाताना काय करायचं, हा प्रश्न त्यांनी परत न जाऊनच सोडवला! आपल्यासारख्या पाच महिन्यांच्या पाहुण्याला तो मार्ग नाही.

पण नीट पाहिलं तर राहिलेल्या माणसांनीही चार्ज देण्याचं काम केलेलंच आहे. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेचं उदाहरण घ्या. खेड्यात जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यातच मूल दगावायचं. डॉक्टर लांब, दवाखाना त्याहून लांब. त्यांनी काय केलं, तर गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, त्याला उबेत ठेवायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. ३९ गावांत हे केलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात बालमृत्यूचा दर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर घरोघरी जाऊ लागल्या. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. विद्या कुणाच्या हातात दिली? जी बाई गावातच राहणार आहे, तिच्या हातात. रात्री दोन वाजता बाळ निळं पडलं तर तीच चार घरं टाकून धावत येणार.

दुसरं उदाहरण धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाचं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. तिथे देवाजी तोफा आणि गावकरी ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय घेतात. मोहन हिराबाई हिरालाल अनेक वर्षं त्या गावाचे मित्र म्हणून वावरले. २०२५च्या जानेवारीत ते गेले. तिथली रीत अशी की बाहेरच्या जाणकाराने अभ्यासगटात बसावं, माहिती द्यावी, वाद घालावा, पण निर्णय गाव घेणार. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे सगळं मी वाचून आले होते. पण वाचलेलं आणि अंगी लागलेलं यांत फरक असतो. तो फरक मला चौथीतल्या एका मुलीने शिकवला.

तिची गोष्ट सांगते.

इथल्या मुलांची घरची भाषा माडिया. ती द्राविडी कुळातली, म्हणजे आपल्या मराठीपेक्षा तेलुगू-कन्नडच्या जवळची. मूल सहाव्या वर्षी शाळेत येतं आणि पुस्तक उघडतं ते थेट परक्या भाषेत. आपल्या नातवंडांना पहिल्याच दिवशी तमीळ पुस्तक दिलं तर काय होईल, तसं. ही मुलगी चौथीत आली तरी तोंडातून मराठी अक्षर काढत नव्हती. मुकी नव्हे हो! खेळताना तिचा आवाज टेकाडापलीकडे ऐकू जायचा. पण पुस्तक समोर आलं की ओठ घट्ट.

नोव्हेंबरात मी तिला घेऊन चिंचेखाली बसायला लागले. रोज संध्याकाळी अर्धा तास. मी ओळीखाली बोट ठेवायचं आणि ती माझ्या बोटाकडे बघत हळूहळू वाचायची. आधी एक शब्द, मग एक ओळ. जानेवारीत तिने अख्खं पान वाचलं, अगदी जोडाक्षरांसकट. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! टेकाडावर चढून मुलाला फोन केला.

फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र एक गोष्ट ध्यानात आली. माझं बोट असेल तरच ती वाचते. बोट उचललं की आवाज बंद. आणि निघायला चारच आठवडे उरले होते. पृथ्वीगोल, कपाट, नकाशा यांचा चार्ज देता येतो. बोटाचा चार्ज कुणाला द्यायचा?

शाळेत एक तरुण शिक्षिका आहे. शेजारच्याच गावची, माडिया, डी.एड. झालेली, वय बावीस. मुलं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. ती जात्याच अबोल. मी वर्गात असले की ती बाजूला उभी राहायची, फळा पुसून द्यायची. इतक्या वर्षांची अनुभवी बाई आलीय, मग आपण कशाला बोला, असं तिला वाटत असणार. मी तिला म्हटलं, "ताई, मी आता जाणार. या मुलीजवळ उद्यापासून तू बस." ती म्हणाली, "आजी, मला तुमच्यासारखं नाही जमणार." मी म्हटलं, "नकोच जमायला. तुला जमेल तसं कर."

पहिल्या आठवड्यात मी मुलीच्याच हातात एक बांबूची काडी दिली, माझ्या बोटाऐवजी. दुसऱ्या आठवड्यात ताई तिच्याजवळ आणि मी मागच्या रांगेत. मुलगी मागे वळून वळून बघायची. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसायचे. गंमत वाटेल तुम्हाला, पण छत्तीस मुलांच्या वर्गावर नजर ठेवणं सोपं, एका मुलीकडे न बघता बसणं कठीण. तिसऱ्या आठवड्यात मी वर्गाबाहेर पडवीत जाऊन बसले.

त्या आठवड्यात मुलीने पुस्तक बंद करून टाकलं. चार दिवस एक अक्षर नाही. मला राहवेना. उठून आत जावं, दोन मिनिटं बोट ठेवावं, गाडी पुन्हा रुळावर येईल, असं शंभरदा वाटलं. पण मग शुक्रवारनंतर काय? मी पडवीतच तांदूळ निवडत बसले. मन लागेना, पण खडे बरेच निघाले.

पाचव्या दिवशी आतून हसण्याचा आवाज आला. सगळा वर्ग हसत होता. ताईने बोट ठेवलंच नव्हतं. तिने धडा आधी माडियात सांगितला होता, सोंग काढून. नंतर एकेक शब्द फळ्यावर लिहून विचारत होती. मराठीत 'पाणी', आपल्यात? सगळी ओरडली, 'एर!' मग त्या मुलीला म्हणाली, तू पुढे ये आणि गोष्ट तुझ्या भाषेत सांग. ती आली, हातवारे करून सांगितली, मधे काहीतरी विनोद केला त्यावर वर्ग पुन्हा हसला, आणि सांगता सांगता तिने पुस्तक उचललं आणि मराठीतून वाचायला लागली. बोटाशिवाय, काडीशिवाय.

विनोद काय होता ते मला कळलं नाही. पाच महिन्यांत माझ्या तासाला ही मुलं अशी हसली नव्हती. खरं सांगते, आनंद झाला आणि त्याबरोबर थोडं टोचलंही. तेहतीस वर्षांच्या अनुभवात जे नव्हतं ते त्या बावीस वर्षांच्या मुलीपाशी होतं, आणि ते म्हणजे मुलांची भाषा. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यांना हा हट्ट का वाटला असेल, ते मला त्या दिवशी पडवीत तांदूळ निवडताना समजलं.

परवा सोमवारी बाहेरगावचे एक अधिकारी शाळा बघायला आले होते. ताई त्यांना सांगत होती, "आमच्या चौथीत एकोणीस मुलं आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि या आजी. आमच्या पाहुण्या आहेत." नोव्हेंबरात ती 'तुमचा वर्ग' म्हणायची, मला उद्देशून. जानेवारीत 'आपला वर्ग' म्हणायला लागली. आता 'आमचा' म्हणाली, आणि त्या 'आमच्या'त मी नव्हते. मराठीची शिक्षिका असल्यामुळे सर्वनामं माझ्या कानातून सुटत नाहीत. मी मनातल्या मनात लिहिलं : चार्ज घेतला.

असो. आता निरोपाबद्दल.

शाळेच्या कचेरीत एक अभिप्राय वही आहे. येणारा प्रत्येक जण जाताना त्यात लिहितो. मी ती सगळी वाचली, मास्तरकीची खोड! 'अविस्मरणीय', 'भारावून गेलो', 'जगण्याची दिशा मिळाली', आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या शेवटी 'पुन्हा नक्की येईन'. लिहिणारा खोटं लिहितो असं मुळीच नाही. त्या क्षणी त्याला तसंच वाटत असतं. पण इथली मुलं शब्द मोजून ठेवतात. जंगलात राहणाऱ्याला सांगितलेली गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते, कुठे अस्वल दिसलं, कुठला ओढा चढला. मला एका मुलाने विचारलं, "आजी, परत कधी?" मी काही बोलायच्या आत दुसराच म्हणाला, "सगळे येतो म्हणतात." रागाने नाही म्हणाला. आज सोमवार आहे म्हणावं, तसं म्हणाला.

माझे गुडघे त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद पडत आलेली आहे. पुढच्या दिवाळीनंतर मी येऊ शकेन का? डॉक्टर आणि मुलगा दोघंही मान हलवतील, ती आडवी. म्हणून मी मुलांना सांगितलं, "येईन असं मी म्हणत नाही. पण दर महिन्याला एक पत्र पाठवीन. तुम्ही उत्तर लिहायचं." माझा कराडचा पत्ता घातलेली बारा पोस्टकार्डं ताईकडे ठेवली आहेत. बारा महिन्यांची बारा. वचन द्यायचं ते आपल्या गुडघ्यांना झेपेल एवढंच द्यावं.

वहीत मी 'अविस्मरणीय' लिहिलं नाही. डेड स्टॉक रजिस्टरसारख्या रेघा मारल्या आणि चौथीतल्या एकोणीस मुलांची यादी केली. कोण कुठे अडतं, कोणाला जवळचं दिसत नाही आणि चष्मा लागेल, कोण भावाला सांभाळायला घरी राहतो, गणिताच्या पेटीचा खेळ कसा खेळायचा (तो मी शेवटी पुण्याच्या एका ओळखीच्या बाईंकडून शिकून घेतला). चार पानं झाली. ताईने खाली सही केली. तारीखही घातली.

शेवटचा धडा आम्ही दोघींनी मिळून घेतला. विषय : आजी घरी कशी जाणार? अंगणात काडीने नकाशा काढला. इथून आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, चंद्रपूर हा एसटीचा रस्ता. वरोऱ्याला उतरून आनंदवनात बाबा आणि साधनाताईंच्या समाधीला नमस्कार. मग नागपूर, आणि तिथून गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस. आगगाडी एकाही मुलाने पाहिलेली नाही. एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या वाट्याला आजवर रेल्वे आली ती फक्त वडसा-देसाईगंजला. "गाडीत झोपायचं असतं?" या प्रश्नावर बराच वेळ गेला. मग नद्या काढल्या. इंद्रावती गोदावरीला मिळते, गोदावरी आंध्रातून समुद्राला. माझी कृष्णा महाबळेश्वरी उगम पावून कराडवरून जाते आणि तीही आंध्रातच, गोदावरीच्या शेजारी, त्याच समुद्राला मिळते. त्या मुलीने दोन्ही नद्यांवरून काडी फिरवली आणि समुद्रात एक मोठं भोक पाडलं.

निरोप समारंभ होणार नाही, कारण मोह गळतोय. पहाटे अंधारातच बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, मुलंही जातात. ऊन चढायच्या आत फुलं वेचायची, वाळवायची. वर्षाची मीठमिरची त्यावर असते. मोहाच्या दिवसांत कुणाला भाषणं ऐकायला वेळ आहे? मला हे फार बरं वाटलं. गावाला स्वतःचं काम आहे आणि मी जातेय ते त्या कामाच्या मधेच.

तरी एक आजी आलीच. तिला मराठी येत नाही, मला माडिया चार शब्द येतात. काखेत कोंबडी. माझ्या हातात दिली आणि समोर बसून राहिली. आता महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये कोंबडी कशी न्यायची? 'मी येईपर्यंत तुझ्याकडेच ठेव' म्हणणं सोपं होतं, पण ते पुन्हा वचनच. शेवटी ताईने मधे पडून तिला समजावलं. कोंबडी शाळेच्या स्वयंपाकघरात राहील, तिची अंडी मुलं खातील. आजीने मान हलवली आणि जाताना मला एक तुंबा दिला, वाळक्या भोपळ्याचा, पाणी ठेवायचा. तो मात्र नेणार. मच्छरदाणी, टॉर्च, स्वेटर, पुस्तकं इथेच राहतील. येताना दोन पिशव्या होत्या, जाताना एक आणि एक तुंबा.

आणि कराड? बहिणीने विचारलं, "तुला घरी यावंसं वाटतंय ना गं?" वाटतंय. माझा ओटा, माझी खुर्ची, शेजारणीकडे ठेवलेली किल्ली आणि तिने पाणी घालून जगवलेली (असावी) तुळस. पण थोडी भीतीही वाटते, ती तुमच्यापाशी लपवत नाही. इथे सकाळी पाचला बासष्ट मुलांचा गलका असतो. तिथे सकाळी दूधवाला आणि रात्री मालिकांचे आवाज, मधे सबंध दिवस. घर रिकामं आहे, आणि इथे मला काम होतं. कामाचा चार्ज देऊन आलेला माणूस घरी हात रिकामे घेऊनच येतो. निवृत्तीच्या वेळी हे एकदा झालंय. तेव्हा निदान ह्यांना चहा करून द्यायचा असे.

गेले चार दिवस एक विचार मनात येतोय. आमच्याकडे दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची माणसं येतात, बीड-अहिल्यानगरकडून. साखर कारखान्यांच्या आसपास त्यांची पालं पडतात. त्यांच्याबरोबर मुलंही येतात, गावची शाळा अर्धवट सोडून. धुराडी थंडावली की उन्हाळ्यात परत जातात. मी चाळीस वर्षं त्या पालांवरून एसटीने गेले-आले. तिथे हिशेब उलटा आहे. मी राहणार आणि मुलं जाणार. त्यांच्या हातात काय देऊन पाठवायचं, आणि त्यांच्या गावच्या शाळेतल्या बाईंपर्यंत ते कसं पोचवायचं? चार पानी वही इथेही चालेल बहुतेक. दर मुलामागे एक पान, पुढच्या शाळेच्या बाईंच्या नावाने. उन्हाळ्यात चौकशी करते, पालांवर जाणाऱ्या संस्थांना भेटते. कराडच्या आसपासच्या कुणाला यातलं ठाऊक असेल तर जरूर कळवा.

आणि तुमच्यापैकी जे निवृत्त होऊन असं कुठेतरी जायचा विचार करताय त्यांनी अवश्य जा. औषधं दोन महिन्यांची जास्त न्या, मच्छरदाणी विसरू नका, आणि पोचलेल्या दिवशीच विचारून ठेवा की मी गेल्यावर हे काम कोण करणार. त्या माणसाशी पहिल्या आठवड्यातच मैत्री करा.

टेकाडावरून हे पाठवतेय. खाली ताईचा वर्ग सुटलाय, मुलं नळावर पाणी प्यायला पळताहेत. रविवारी रात्रीपर्यंत कराडला पोचेन. बहिणीने सोमवारी जेवायला बोलावलंय, पिठलं-भाकरी कर म्हटलंय.